पेन्सिलीनं काढलेला सीझन

ॲन आर्बर या अमेरिकन शहरात बसनं ब्रेक मारला आणि समोरच्या मुलीच्या बॅगेतून पत्त्यांचा गठ्ठा माझ्या बुटांवर सांडला. बाहेर गारठवणारा पाऊस होता, बसमध्ये सगळीकडे चिखलपाणी. मी पत्ते उचलू लागलो. प्रत्येकावर एक बेसबॉल खेळाडू आणि बारीक आकडे.

"अरे देवा, भिजले सगळे," मी स्वतःशीच म्हणालो.

"मग पुस ना!" ती म्हणाली. चक्क मराठीत.

ती नैना. इथेच जन्मलेली. आज ती या जगात नाही, पण तिची गोष्ट रडत सांगितलेली तिला चालली नसती.

"फासे टाकायचे, कार्ड बघायचं, झाला बेसबॉल," तिनं समजावलं. "लहानपणी मी आणि बाबा अख्खा सीझन खेळायचो. आता पार्टनर नाही."

"मला फक्त क्रिकेट येतं."

"फासे टाकता येतात ना?"

दर रविवारी आम्ही कॅफेत डाव मांडू लागलो. बॅटर आउट झाला की ती फाशांना रागवायची. ॲव्हरेज काढायचं काम माझं, पेन्सिलीनं. हिशेबाला फोन काढला की हातावर चापट. मी मुद्दाम फोन काढायचो.

सीझन संपला तेव्हा तिनं माझा कागद ओढून घेतला.

"विष्णू! माझ्या बेस्ट हिटरचं ॲव्हरेज एवढंसं? कसं काढलंस?"

"रन्स भागिले आउट. अजून कसं?"

"क्रिकेटवाला!" ती इतकी हसली की शेजारचे वळून बघू लागले. "इथे हिट्स मोजतात, यार! हिट्स भागिले ॲट-बॅट्स, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या. सगळं परत काढ."

मला तेच हवं होतं. हिशेब पुरा झाला की ती नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला जाणार होती. मी भागाकार रेंगाळत करू लागलो.

"इंजिनिअर ना तू? एका भागाकाराला एक कॉफी?"

"तिसरा दशांश राहिलाय."

"विष्णू..."

मी पेन्सिल ठेवली. "हे संपलं की तू जाशील. मला... नाही संपवायचं."

तिनं कागद स्वतःकडे फिरवला आणि पेन्सिल न उचलता दशांशातली ॲव्हरेज वाचल्यासारखी सांगत गेली— "थ्री-ट्वेल्व्ह. टू-एटी. थ्री-ओ-फाइव्ह..."

"तुला हे तोंडी येतं?"

"शाळेत असल्यापासून."

"मग इतके रविवार माझ्याकडून कशाला—"

ती खिडकीबाहेर बघू लागली. कान लालबुंद.

"अ‍ॅशबर्नला इंजिनिअर लागतात," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे अजून एका सीझनची कार्ड्स आहेत."

"ॲव्हरेज कोण काढणार?"

"तू," ती म्हणाली. "आणि घाई केलीस तर बघ!"