पॅसेजमधला डाग

बस रे योगेश. लाईट आल्याशिवाय रंगाचा दुसरा हात मारायचा नाही. अंधारात मारलेला हात सकाळी उघडा पडतो आणि मग मालक माझ्या नावाने ओरडतो. शोएब, तू पण बस. मघाशी साई घरी निघाला, "येतो चाचा" म्हणाला आणि मी गप्प बसलो. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात, ते मी पाहिलंय. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं असं वाटलं ना? मला चांगलं ऐकू येतं. गेल्या सप्टेंबरपासून मी कुणाला "ये" म्हणत नाही, एवढंच. कुणी दाराशी "येतो" म्हणालं की मान हलवतो.

का ते सांगतो. मध्ये बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर आधी चहा ओता.

पाथर्डी फाट्याला मी रोलर आणायला गेलो होतो. दुकानात एक गृहस्थ शेडकार्ड हातात धरून उभे. कार्ड उलटं. मी म्हटलं, साहेब, रंग या बाजूला आहेत. तर म्हणाले, "हो का." आणि तसंच धरून उभे राहिले. शामसुंदर भालेराव त्यांचं नाव. अंबडच्या एका कंपनीत प्रेसवर आख्खी नोकरी झाली, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी त्या प्रेसने घेतलेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणाले, एक खोली करायची आहे आणि पॅसेज. मुलगी तेजश्री पुण्याहून बाळंतपणाला येणार होती. खर्च कमीत कमी हवा, कारण पेन्शन ती केवढी, आणि दवाखान्यासाठी पैसे राखायचे होते. मी म्हटलं, पितृपक्षात करू. त्या पंधरवड्यात तुमच्यातलं कुणी रंगाचं काम काढत नाही, मी रिकामाच असतो, दर उतरवून देतो. तुमची काही हरकत नसली तर.

"चालेल," म्हणाले.

हा एक शब्द होता त्या माणसाकडे. जुन्याच कपाटाला ऑईलपेंट मारू? चालेल. पलंग नवा न घेता पॉलिश करू? चालेल. खिडकीला पडदे विकत न आणता घरातल्या साड्यांचे शिवू? चालेल. कुठल्या साड्या, ते त्यांनी विचारलं नाही. साड्या त्यांच्या बायकोच्या होत्या. सुधाताई. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि ती खोली तेव्हापासून तशीच बंद होती. ब्लाऊजपीसचे गठ्ठे, बरण्या, शिलाई मशीन, प्लास्टिकच्या पिशवीत पिशव्या. बाईमाणसाचा आख्खा संसार.

नवसाबाई बोहारीण येऊन बसली दारात. जुने कपडे घेते आणि भांडी देते ती. तिने एकेक साडी झटकून बघितली, पडद्यांसाठी चार बाजूला ठेवल्या, बाकीच्यांवर एक स्टीलचा डबा दिला. चपलांचा जोड पण होता, लाल पट्ट्यांचा. नवसाबाईच म्हणाली, "दादा, वहिनींच्या चपला तरी राहू द्या." साहेब म्हणाले, "घेऊन जा, चालेल." मला त्यांचा राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, काय दगड माणूस आहे.

आता डागाचं सांगतो. तो नीट समजून घ्या.

त्यांच्या पॅसेजमध्ये, दाराशी, आतल्या बाजूला चपलांचा स्टँड. बाहेर जायला निघालं, दाराकडे तोंड केलं, की भिंत उजव्या हाताला येते. सुधाताई उजवा पंजा भिंतीला टेकवायच्या आणि चपला सरकवायच्या. वर्षानुवर्षं. हाताला डोक्याचं तेल, पोळीचं तेल. भिंतीवर पिवळा डाग पडला होता, पंजाएवढा. बोटं एकमेकांत मिसळली होती, पण अंगठा स्पष्ट दिसायचा. अंगठा दाराकडे. येताना त्या टेकायच्या नाहीत, कारण येताना भिंत डाव्या हाताला आणि डाव्या हातात भाजीची पिशवी. हे सगळं मला साहेबांनीच सांगितलं, डागासमोर उभं राहून. एवढं ते आठवड्यात पहिल्यांदा बोलले असतील.

मी विचारलं, "हा काढू ना?"

ते काही बोलले नाहीत.

चूक माझी तिथे झाली. "चालेल" म्हणाले नव्हते. मी ते धरून चाललो. तेलाच्या डागावर नुसता रंग मारला तर तो आठ दिवसांत वर येतो, हे तुम्हाला पण ठाऊक आहे. म्हणून मी पत्ती घेऊन खरवडला. सिमेंट दिसेपर्यंत खरवडला. मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर मारला. डाग संपला. साहेब किचनच्या दारातून बघत होते. चेहऱ्यावर काही नाही.

त्या दुपारी चहा पिताना ते बोलले. म्हणाले, "हारुनभाई, तुमच्यात घरातून निघताना काय म्हणतात?"

म्हटलं, खुदा हाफिज. पण मी नाशकात वाढलो, कामावरून निघताना 'येतो'च म्हणतो. लहानपणी एकदा शेजारच्या आजींना 'जातो' म्हणालो होतो, तर पाठीत धपाटा बसला होता.

"आणि घरातल्याने काय म्हणायचं?"

"ये म्हणायचं. मोठं माणूस असलं तर या."

"चौतीस वर्षं म्हणालो मी," साहेब म्हणाले. "ती दारातून म्हणायची, येते हं. मी असेन तिथून म्हणायचो, ये. त्या दिवशी भाजी आणायला निघाली. येते हं म्हणाली. मी मोबाईलमध्ये काहीतरी बघत होतो. काय, ते आता आठवत पण नाही. तिचं ऐकलं मी. बोललो नाही. ती थोडी थांबली दारात. मग कडी वाजली."

सुधाताई कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीशी पडल्या. हार्ट. परत आल्याच नाहीत घरी, हॉस्पिटलमधून सरळ अमरधामला नेलं.

"मी रडलो नाही अजून," ते म्हणाले. "मला काहीच वाटत नाही, हारुनभाई. मुलगी येणार, नातवंड येणार, तरी काही वाटत नाही. असाच राहिलो तर त्या पोरीने कुणाकडे बघायचं? तिला आई नाही आणि बाप हा असला."

मग मला लाज वाटली. दगड म्हणालो होतो ना मी मनात.

आता ती तारीख ऐका. पंधरा सप्टेंबर, सोमवार. भाद्रपद वद्य नवमी. अविधवा नवमी म्हणतात तिला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. मला हे नंतर कळलं. सकाळी साहेबांनी गच्चीवर पान ठेवलं होतं. कावळा लगेच शिवला, शेजारी म्हणाले. साहेब बघायला पण थांबले नव्हते.

खोली त्या दिवशी पूर्ण झाली. फिका पिस्ता रंग. साड्यांचे पडदे लागले, पलंग खिडकीखाली घेतला, कपाट दाराआड सरकवलं. तीच खोली, पण दुप्पट वाटत होती. राहिला होता पॅसेज. त्याचा शेवटचा हात मी संध्याकाळी मारला. पूर्ण भिंतीला. रोलर धुतला, हात धुतले. पावणेआठ वाजले होते. घड्याळ बघितलं होतं मी, वडाळ्याकडे जाणारी रिक्षा आठनंतर मिळत नाही.

पॅसेज अरुंद. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने बाजूला व्हायचं, एवढाच. दार बंद होतं. आतून कडी होती, मीच लावलेली, बाहेरची धूळ ओल्या रंगाला लागू नये म्हणून. बल्ब चालू. साहेब दुसऱ्या टोकाला, किचनच्या दारात.

मी दाराकडे पाठ करून चपला घालायला वाकलो. ओल्या भिंतीला हात लागू नये म्हणून एका पायावर तोल सांभाळत होतो. अजून 'येतो' म्हणायचं होतं मला. तोंड उघडलं नव्हतं.

आणि साहेब म्हणाले, "ये."

मी मान वर केली. म्हटलं, मलाच म्हणाले असतील.

पण मला ते कधी अरे-तुरे करत नव्हते. रोज संध्याकाळी "या हारुनभाई" म्हणायचे. आणि मी काही बोललोच नव्हतो.

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे बघत होते. दाराकडे.

"साहेब...?"

फ्रीजचा आवाज येत होता. तो पण थांबला. फ्रीज थांबतो अधूनमधून. पण तेव्हाच थांबला.

मी मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं. नाही बघितलं.

मग साहेब हलले. हळूच. पाठ भिंतीला लावली. पोट आत घेतलं. अरुंद जागेत कुणी समोरून आलं की आपण करतो ना... तसं.

वाट दिली.

पण त्या वाटेत मी उभा होतो. माझ्या मागे दार. पुढे ते. म्हणजे जे काही...

मीपण बाजूला झालो. का झालो, विचारू नका. पाय आपोआप सरकले. पाठ ओल्या रंगाला चिकटली. गार लागली. श्वास धरला.

काही दिसलं नाही. वारा नाही. वास नाही. काही म्हणजे काहीच नाही. फक्त थोडा वेळ... आम्ही दोघं तसे उभे.

मग फ्रीज चालू झाला.

साहेब खोलीकडे बघत होते. नव्या खोलीकडे. एकाएकी खाली बसले, तिथेच, फरशीवर. आणि रडले. मोठ्याने. दीड वर्षाचं एकदम. मी पाणी दिलं. घेतलं नाही. शेजारी बसून राहिलो. माझी रिक्षा गेली.

शोएब, तो कप खाली ठेव. चहा कधीचा गार झालाय.

सकाळी टच-अपला गेलो. माझ्या पाठीचा ठसा दारापासून हातभर अंतरावर, साहेबांच्या पाठीचा पार किचनशी. ते अपेक्षितच होतं. आणि दाराला लागून, जिथे मी डाग खरवडला होता, तिथे डाग होता.

ओल्या रंगात उमटलेला ठसा नव्हता तो. बोट लावून बघितलं मी. रंग वाळलेला, गुळगुळीत, आणि त्याच्यावर तेलाचा पिवळा डाग. बोटं एकमेकांत मिसळलेली. असा डाग पडायला पंधरा वर्षं लागतात, हे मला तुम्ही शिकवू नका. रंग बारा तासांचा होता.

खालून वर आला असेल, म्हणशील. मी पण तेच म्हणालो स्वतःला. मग अंगठा बघितला. जुन्याचा अंगठा दाराकडे होता.

याचा घराकडे.

डावा हात. आत येणाऱ्याचा. साहेबांचा नाही, त्यांची दोन बोटं अर्धी आणि ह्याची पाचही पूर्ण. माझा नाही, माझा पंजा बघ केवढा आहे, त्यात तसले दोन मावतील.

साहेब मागे येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले, पण माणूस माणसासारखा दिसत होता. मी म्हटलं, "डावा आहे."

"हो," म्हणाले. मग त्या अंगठ्याकडे बघून, "या वेळी हातात पिशवी नव्हती."

मी पत्ती उचलली. ते म्हणाले, "राहू द्या."

त्या दिवशी निघताना मी 'येतो' म्हणालो नाही. नुसता निघालो.

जानेवारीत गळतीचं काम निघालं म्हणून पुन्हा गेलो. तेजश्री होती, बाळ होतं, मुलगी. साहेब तिला मांडीवर घेऊन बसले होते, तिच्याशी काहीबाही बडबडत होते. एवढं बोलताना मी त्यांना बघितलं नव्हतं. तेजश्रीने चहा दिला. मला पोचवायला दारापर्यंत आली, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, सगळं नवीन केलंत, पण आईचा डाग तेवढा ठेवलात. बरं केलंत."

मी हो म्हटलं. अंगठा कुठल्या बाजूला आहे, ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.