माडीच्या दुकानावरचा बोर्ड

पोस्टर तिसऱ्यांदा निसटलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "खाऱ्या वाऱ्यात चिकटपट्टी टिकत न्हाय, नर्सबाई. खळ देऊ?"

वळून पाहिलं, तर माडी विक्री केंद्राच्या दारात त्याचा मालक, निकेत, हसत उभा. मुरुडजवळच्या या गावात आरोग्यसेविका म्हणून माझं हे चौथं वर्ष. घसा बसला होता, पाय दुखत होते, आणि पर्समध्ये तळ्याला, माझ्या माहेरगावी, बदली मागणारा अर्ज पडून होता.

त्यानं खळ लावता लावता वाचलं, "गरोदरपणात दारू पिऊ नका..." वर विलायती बाटली, तिच्यावर लाल फुली.

"ही बाटली इथं कोण पितंय? आमच्याकडं माडी!"

"माडीही नको."

"सकाळची ताजी म्हणजे ताकद, नर्सबाई. आई रोज वहिनीला अर्धा पेला देते. सातवा हाय तिला."

मी पोस्टर सोडून त्याच्याकडं वळले. चार वर्षं बायका माझ्यासमोर माना डोलवत होत्या — त्यांना वाटायचं, मी त्या बाटलीबद्दल बोलतेय!

"माडी झाडावरच्या मडक्यातच आंबायला लागते. आई पिते ते बाळापर्यंत पोचतं. त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थोडी चालेल, असं कुणीच सांगू शकत नाही... म्हणून अजिबात नाही." मी चिडलेच. "पण तुम्ही कशाला ऐकाल? धंदा आहे तुमचा."

त्यानं पोस्टरचा शेवटचा कोपरा दाबून चिकटवला.

आठ दिवसांनी मी त्याच्या दुकानासमोर अलिबागच्या एसटीची वाट बघत होते. अर्ज तिथल्या कार्यालयात द्यायचा तो शेवटचा दिवस. सहज वर पाहिलं — नवा बोर्ड, निळ्या रंगात: 'गरोदर बाईसाठी माडी मिळणार न्हाय. ताजी पण न्हाय. घरच्यांनी मागू नये.'

मी रस्ता ओलांडला. "हे... तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर वाईट हाय, व्हय ना?"

"आणि आई?"

"चार दिवस बोलत न्हाय माझ्याशी. वहिनी शहाळं पिते आता. काल दोन गिऱ्हाईकं भांडून गेली."

"मग पुसून टाकाल?"

"तुम्ही चार वर्षं सांगताय. मी चार दिवसांत पुसू?"

माझे डोळे भरून आले. "मी फार दमलेय हो..."

त्यानं बाकडं पुसलं आणि पुढं सरकवलं. "मग बसा की."

एवढंच. गावानं मला दारातून परत पाठवलं होतं, चहाही पाजला होता, पण माझं दमणं कुणी विचारलं नव्हतं. मला तो आवडला. तिथंच, माडीच्या त्या आंबूस वासात.

एसटी आली. कंडक्टर ओरडला, "अलिबाग, चला!"

अर्जाची बातमी गावभर झाली होती. निकेत माझ्या पर्सकडं बघत हळूच म्हणाला, "जाऊ नका, विनिता. वहिनीची वेळ येईल तेव्हा तुम्ही हव्या आहात... आणि मला तर रोजच."

मी कंडक्टरला हातानंच जा म्हटलं. पाय अजून दुखतच होते. चपला काढल्या, आणि बाकड्यावर पाय वर घेऊन बसले.