टाकीत हात जात नाही

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती तर शेवट तरी बरा केला असता.

घडली माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत. आणि रात्री-बित्री नाही. भर दुपारी, सव्वातीनला, पुलाखालच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारचा टायरवाला रेडिओ लावून पंक्चर काढत होता. भुतांना अंधारच लागतो, असं ज्याने कोणी सांगितलं त्याला एकदा माझ्या दादाकडे पाठवा.

दादा डेंटर आहे. तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढतोय. पत्र्यावरून नुसता तळवा फिरवून सांगतो, मार कुठून बसला. वहिनी म्हणते, "बायकोचं तोंड सोडून यांना सगळ्या जगाचा पोचा दिसतो."

त्यांना एकच मुलगा. आम्ही त्याला भुंग्या म्हणतो, कारण बाइक घेतल्यापासून तो घरी यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. तोंडाचा फाटका. बापाला "काय म्हाताऱ्या" म्हणणार. मला म्हणणार, "ए आत्ये, मागे बसू नकोस, माझा शॉकअप्सर जातो." पण मला ताप आला की औषध घेऊन दारात उभा असणारही तोच.

त्या सोमवारी सकाळी वळणावर दोन बाइक समोरासमोर धडकल्या.

दुसरा मुलगा जागीच गेला.

भुंग्या बेशुद्ध.

डॉक्टर म्हणाले, "चोवीस तास जाऊ देत, मग बोलू." चोवीस गेले. अठ्ठेचाळीस गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर काही बोलेनातच. नुसते दादाच्या खांद्यावर हात ठेवून पुढे जायचे.

आत एका वेळी एकच माणूस. वहिनी खुर्चीला चिकटलेली. दादा जिन्यात बसून स्वतःचे हात बघायचा. शेवटी उठला, म्हणाला, "शुद्धीवर आला की पहिल्यांदा गाडीचंच विचारेल. तिची टाकी तरी सरळ करून ठेवतो."

मी अडवलं नाही. माणसाला काहीतरी ठोकायला हवं असतं.

चौकीच्या मागच्या आवारात दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून पडल्या होत्या. एकच मॉडेल, एकच काळा रंग. नंबरप्लेटचे तुकडे. दोन्ही टाक्या निखळून बाजूला पडलेल्या. एक पार चेपून गेलेली. दुसरीला तीन पोचे.

हवालदार ओळखीचा होता. "घेऊन जा मिस्त्री. कागदाचं नंतर बघू. तुमची कुठली?"

दादाने तीन पोच्यांची उचलली. डेंटरचा हात आपोआप दुरुस्त होण्यासारख्या टाकीकडेच जातो.

आता एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाडीचा दरवाजा असो नाहीतर मडगार्ड, डेंटर बाहेरून हातोडी मारतो आणि आतून लोखंडी ठोकळा धरतो. आतून आधार असल्याशिवाय पत्रा ऐकत नाही. पण टाकी चहूकडून बंद. तिच्यात हात जात नाही. म्हणून पोच्यावरचा रंग घासायचा, वर वेल्डिंगने बारीक पिना टाचायच्या आणि पुलर लावून बाहेरूनच झटके देत ओढायचं. दिवस जातो एकेका पोच्याला.

पहिला पोचा पाच झटक्यांत वर आला.

दादाला वाटलं, नशीब.

दुसऱ्याला त्याने पुलर लावला. झटका द्यायला हात मागे घेतला...

आणि पत्रा हलला.

झटक्याच्या आधी.

आतून कोणीतरी तळवा लावून ढकलावं, तसा हळूहळू वर आला.

दादाने टाकी उलटी केली. टॉर्च लावून तोंडातून आत बघितलं. स्वच्छ. कोरडी. रिकामी.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

"अहो! अहो, बोट हललं त्याचं! मी बघितलं, नर्सनेही बघितलं!"

माझा भाऊ देव मानत नाही, भूत मानत नाही, डॉक्टरलाही अर्धाच मानतो. पण त्या दुपारी तो टाकी मांडीवर घेऊन रडला. मग तिच्याशीच बोलायला लागला. "ये बाळा. शाब्बास. तू आतून लाव जोर, मी बाहेरून ओढतो."

तिसरा पोचा डाव्या अंगाला होता. दादाने पॉलिश पेपर घेतला आणि रंग घासायला लागला.

घासता घासता... हात थांबला.

दोन वर्षांपूर्वी भुंग्या फाटकापाशी पडला होता. डाव्या अंगाचा तो पोचा दादानेच लांबी भरून बुजवला होता. लांबी म्हणजे खड्ड्यात भरायचा लेप. रंग घासला की खाली तिचा पिवळट थर दिसायलाच हवा.

नव्हता.

खाली कोरा, चकचकीत पत्रा होता.

ही टाकी भुंग्याची नव्हतीच.

दादाच्या हातातला कागद गळून पडला. शेजारचा रेडिओ चालू होता, पण त्याला ऐकू येईना. ऐकू येत होतं एवढंच...

टक्.

टाकीच्या आतून.

टक्. टक्.

कोणी विचारावं तसं, की थांबलास का?

दादा दोन पावलं मागे सरला. आणि फोन पुन्हा वाजला.

"अहो, नाडी पडतेय त्याची! सगळे धावतायत! मला बाहेर काढलं हो... तुम्ही या, आत्ताच्या आत्ता या!"

दादा गेला नाही.

हे त्याने फक्त मला सांगितलंय. पन्नाशी उलटली तरी तो मला चिमणे म्हणतो. म्हणाला, "चिमणे, मला सगळं कळलं होतं. आत कोण आहे, ते कळलं होतं. तरी मी पिना टाचल्या."

टाकीच्या तोंडाला तोंड लावून तो म्हणाला, "ये. जो कोणी असशील तो ये."

मग एकच झटका दिला.

पत्रा सपाट झाला. टाकीच्या तोंडातून एक लांब श्वास सुटल्यासारखी हवा आली. गार.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी भुंग्याने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चौकीच्या आवारात धावत गेला. ती दुसरी टाकी, चेपलेली, कशीही असो, आयुष्यभर ठोकत बसेन म्हणाला. जागा रिकामी होती.

"ती होय?" हवालदार म्हणाला. "कालच भंगाराची गाडी भरून गेली. आत्तापर्यंत दाबून तिची वीट झाली असेल."

भुंग्या घरी आलाय. चालतो, जेवतो, जेवलेलं ताट उचलून ठेवतो. डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार आहे, आठवायला वेळ लागेल. वहिनी खूश. "डोक्याला लागून शहाणा झालेला हा पहिलाच! मला अहो-जाहो करतो, बघ."

दादा त्याच्याकडे बघत नाही. टाकी शेडमध्ये गोणपाटात गुंडाळलेली आहे. एकदा मला म्हणाला, "हातोडी घेऊन परत पोचे पाडू का? पण मग हाही जायचा. आणि आपला तो... तो यायला आता वाट कुठली?"



मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. भुंग्याने मला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. मग गॅलरीकडे एकदा बघून, आवाज अगदी खाली आणून म्हणाला...

"काकू, एक विचारू? त्या बाईंना वाईट वाटेल म्हणून त्यांना विचारत नाही. फार जीव लावतात मला."

"विचार की रे."

"माझ्या आईला कोणी कळवलंय का, मी इथे आहे म्हणून?"

बाहेर वहिनी भुंग्याचा शर्ट झटकून दोरीला चिमटे लावत होती. गुणगुणत होती.

"कळवू," म्हणाले मी.

अजून कळवलेलं नाही. त्या दुसऱ्या मुलाच्या आईचं घर कुठे आहे ते दादाला माहीत आहे, आणि आता मलाही. काल त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले.