प्रमिलाबाईंनी न उचललेला डबा

सोमवारी सकाळी साडेआठला हंसाबेन सिस्टरनं इंजेक्शनची बाटली उजेडात धरली आणि "योगराजभाई!" अशी हाक मारली, की औषधांच्या कोठीत बसलेल्या योगराजच्या हातून चहा सांडला.

बाटलीतलं लालसर औषध नासलं होतं. तळाशी चोथा, वर पाणी. एक नाही, नव्या डब्यातल्या चारही बाटल्या तशाच.

ही गोष्ट १९९७ च्या मे महिन्यातली. सुरतच्या त्या छोट्या कॅन्सर दवाखान्यात असलं औषध पहिल्यांदाच आलं होतं. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढे चरबीचे कण, आणि प्रत्येकाच्या पोटात औषध. डॉक्टर वशी त्यांना नॅनोकण म्हणत. साधं औषध अंगभर फिरून केस, भूक, काळीज सगळ्यांवर घाव घालतं. हे कण हाडातल्या गाठीपाशीच जमतील, अशी आशा होती.

आशा होती ती वर्षा नावाच्या मुलीसाठी. भेस्तानच्या लूम-कारागिराची सतरा वर्षांची पोर, गुडघ्याच्या वर हाडात कॅन्सर. दोन डोसांत गाठ आकसली होती. तिसरा मिळाला नाही, तर शुक्रवारी पाय मांडीपासून कापायचा होता.

"मुंबईची कंपनी दुसरी पेटी पाठवायला तयार आहे," डॉक्टर फोन ठेवत म्हणाले. "पण ही कशी बिघडली ते संध्याकाळपर्यंत लेखी हवं. तिचंही तेच होणार असेल तर देणार नाहीत. योगराज, कोठी तुझी. शोध तूच लाव."

"हो साहेब."

"मी बजावलं होतं ना, आ डब्बो हलाववो नहीं? धक्क्यानं कण फुटतात."

"मी स्वतः प्रमिलाबाईंना सांगितलं होतं."

"रविवारी फ्रिजची किल्ली कोणाकडे होती?"

"प्रमिलाबाईंकडे," योगराज म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला. अठरा वर्षांत त्याच्या कोठीतली गोळी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि त्या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता.

प्रमिलाबाई आया. अमळनेरकडच्या, राहायला डिंडोलीत. महागाचं औषध बदलून लांबवलं असेल, या संशयानं योगराजनं सगळ्यांसमोर त्यांची पिशवी उलटी केली. भाकरी, ठेचा, कुंकवाची डबी निघाली.

"डबा तुम्ही उघडला?"

"नही भाऊ."

"कोणाला दिला?"

"कोनले देसू? मी तो डब्बा उचला बी नही!"

हे त्या तीनदा म्हणाल्या. हंसाबेननं नाक मुरडलं. चोर दुसरं काय बोलणार, असं योगराजलाही वाटलं.

मग त्यानं फ्रिज उघडला. डब्याच्या झाकणाची चिकटपट्टी जशीच्या तशी होती, फक्त सकाळी हंसाबेननं कापलेली. म्हणजे बाटल्या बदललेल्या नव्हत्या. पण वरचं लेबल ओलं होऊन सुरकुतलं होतं आणि त्यावर कापडाची वीण उमटली होती. शेजारचा इन्शुलिनचा खण रिकामा होता. इन्शुलिन सापडलं वर, ऑपरेशन थिएटरच्या फ्रिजमध्ये.

योगराज वायरमन मगनकडे गेला.

"काल लाइट गेली होती?"

"पूरे दिन! सवेरे छे बजे गई, सांजे पांच बजे आई. ट्रान्सफॉर्मर का काम हतुं ने."

"जनरेटर?"

"सिर्फ थिएटर पे. कोठी पे किधर है?"

अकरा तास. सुरतचा मे. योगराज जिन्यातच बसला.

इन्शुलिन ज्या बाईनं आठवणीनं वर नेलं, तिला थंडाव्याचं महत्त्व कळत होतं. मग नेमका हाच डबा तिनं खाली का ठेवला? वैर म्हणावं, तर वर्षाची वेणी रोज तीच घालायची. मग त्याला तिचं सकाळचं वाक्य आठवलं. उचला बी नही. सगळ्यांनी ऐकलं की चोरला नाही. बाई मात्र सरळ सांगत होती, की मी तो जागचा उचललाच नाही.

आणि तिला तसं कोणी सांगितलं होतं, तेही त्याला आठवलं.

घटकाभर त्याच्या मनात वाईटही येऊन गेलं. अहवालात 'आयाचा हलगर्जीपणा' एवढं लिहिलं की काम भागत होतं. कंपनी पेटी देईल, पाय वाचेल, आपली अठरा वर्षंही वाचतील. पण त्यानं प्रमिलाबाईंना सांगितलेला शब्द पुढच्या बाईलाही तसाच सांगितला जाईल, आणि पेटी पुन्हा नासेल. त्याला स्वतःची किळस आली.

चार वाजता तो प्रमिलाबाईंना घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेला.

"साहेब, यांना एकच विचारतो. बाई, बाकीचं वर नेलंत, हा डबा का नाही?"

"तुम्हीनच सांगं व्हतं ना भाऊ, डब्बा हलवू नका. मंग जठे व्हता तठेच ऱ्हाऊ दिधा. दर घंटाले वल्लं फडकं टाकं वर. माले वाटनं, तेवढंच गार राही."

डॉक्टरांनी विचारलं, "अकरा तास फडकं बदललं?"

"जेवाले बी गऊ नही."

"साहेब," योगराज म्हणाला, "तुम्ही गुजरातीत हलाववो नहीं म्हणालात. म्हणजे घुसळू नका, धक्के देऊ नका. मला अर्थ बरोबर कळला. पण मी यांना तोच शब्द तसाच्या तसा सांगितला: हलवू नका. मराठीत याचा पहिला अर्थ काय होतो? जागचं हलवू नका. 'लाइट गेली तर वर न्या' हे इन्शुलिनचं मी दहादा सांगितलंय. या डब्याचं एकदाही नाही. बाईंनी माझा शब्द पाळला. औषध उकाड्यानं नासलं, आणि ते माझ्यामुळे नासलं."

"सकाळी तर तू यांचं नाव घेतलंस," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"घेतलं. तोही गुन्हा माझाच."

तो प्रमिलाबाईंकडे वळला, हात जोडायला गेला. त्यांनी मान फिरवली.

"माझी पिशवी सगळ्यासमोर उलटी करी तुम्हीन," त्या म्हणाल्या. "मी काय बोलसू आते?"

अहवाल योगराजनं लिहिला. खाली सही स्वतःची केली आणि तो मुंबईला फॅक्स केला. सहाला मुंबईहून फोन आला: पेटी बुधवारी विमानानं निघेल, पण ठेवायची थिएटरच्या फ्रिजमध्ये, आणि किल्ली योगराजकडे नको. डॉक्टरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यानं कंबरेचा जुडगा सोडून त्यांच्या हातावर ठेवला.

मग तो वॉर्डात गेला. जायलाच हवं असं कोणी म्हटलं नव्हतं. वर्षा उशीला टेकून बसली होती, दुखरा पाय चादरीबाहेर.

"काका, औषध कोणी नासवलं ते सापडलं?"

"सापडलं."

"कोण?"

"मी."

पोर हसली. थट्टा वाटली असावी. मग तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, हसू मावळलं, आणि तिनं दोन्ही हातांनी चादर ओढून पाय त्याच्यापासून झाकून घेतला.