गालात काय हाय?

बैलांच्या गोठ्यात मोटार उभी आहे आणि तिच्या दारातून दोन अनोळखी पाय बाहेर लोंबताहेत, अशा वेळी पाथरीच्या शहाण्या मुलीनं काय करावं? महानंदानं हातातला खराटा उलटा धरला आणि त्या पायांवर एक ठेवून दिला.

"कोण हाय? निघा बाहेर!"

पाय आत गेले, डोकं बाहेर आलं. कुरळ्या केसांत काथ्याचे धागे अडकलेले, आणि डोळे... डोळ्यांचं राहू द्या, तिला तेव्हा ते चोराचेच वाटले.

"नाव काय तुमचं?"

"हं."

"कुठून आलाव?"

"हं हं..." आणि डावा गाल हा एवढा फुगलेला!

ओरडा ऐकून तिचे अप्पा, धोंडप्पा शेटजी, धावत आले. "अगं, हा शिवरुद्र! पूर्णेला रेल्वेच्या डब्यातल्या गाद्या बसवतो. आपल्यातलाच हाय, म्याच बोलावलंय."

शेटजींनी एका जागीरदाराची जुनी मोटार विकत घेतली होती. इंजिन चालू झालं होतं, पण आत उंदरांनी गाद्यांची चाळण केली होती. गाद्या, छताचं कापड, दारांचं अस्तर, सगळं नव्यानं बसवायचं होतं, आणि तेही रविवारच्या आत. सोमवारी नांदेडचे पाहुणे महानंदाला बघायला येणार होते. त्यांना मानवत रोड स्टेशनावरून याच मोटारीत मिरवत आणायचं, असं शेटजींनी ठरवलं होतं. महानंदाला ते स्थळ न बघताच नकोसं झालं होतं. पण अप्पांपुढं बोलायची कुणाची छाती?

अप्पांनी तिला बाजूला घेतलं. "नजर ठेव याच्यावर. जागीरदारणीची हिऱ्याची अंगठी ह्याच मोटारीत हरवली म्हणतेत. गादीत गेली असंल तर ह्याच्याच हाताला लागंल."

मग काय, महानंदा तुरीच्या डाळीचं सूप घेऊन गोठ्याच्या दारात बसली. डाळ कमी, माणूस जास्त निवडत. आणि जितकं निवडावं तितके खडे निघत होते. मोटारीच्या दारांना त्यानं गोणपाटाचे पडदे लावले होते. आत ठकठक चाले, मध्येच थांबे. हाक मारली की "हं." पाणी घेऊन गेलं की हा पाठ फिरवणार, तोंडाशी हात नेणार, आणि मगच वळून गोड बोलणार.

"गोणपाट कशाला लावलंय?"

"धूळ येतीय."

"आन् मी आले की पाठ कशाला फिरवताव?"

"तुमच्याकडं बघितलं की हातोडी बोटावर बसतीया..." त्यानं निळा पडलेला अंगठा दाखवला.

महानंदाचे कान तापले. चोर असाच गोड बोलत असणार, असं तिनं स्वतःला बजावलं. पण दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर गुळाचा खडाही नेला, आणि त्याबद्दल स्वतःवरच चिडली.

शुक्रवारी दुपारी तिला राहवेना. तिनं गोणपाट ओढून काढलं. तो मागच्या गादीवर अंजिरी कापड ताणत गुडघ्यावर बसला होता. गाल टम्म फुगलेला.

"गालात काय हाय?"

"हं?"

"हं न्हाई! अंगठी गिळायच्या आत तोंड उघडा!"

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग डोळे हसले. त्यानं ओंजळ पुढं केली आणि तोंडातून वीस-पंचवीस बारीक खिळे ओंजळीत सोडले. ओले, चकचकीत.

"एका हातानं कापड ताणायचं, एका हातानं हातोडी चालवायची. तिसरा हात कुठून आणू? पूर्णेला समदे कारागीर असंच करतेत."

महानंदाला इतकं हलकं वाटलं, की तिथंच बसावंसं वाटलं. हा चोर नाही! पण त्यात आपल्याला एवढा आनंद का व्हावा? तेवढ्यात तिची नजर पुन्हा त्या ओल्या खिळ्यांवर गेली, आणि अप्पा आठवले.

तांब्याला दुसऱ्याचा ओठ लागला तर अप्पा तो तांबा निखाऱ्यात घालून घेत.

"उष्टे खिळे... अप्पांच्या बुडाखाली?"

"म्हणून तर गोणपाट लावलं. आल्यावर कळलं मला शेटजींचं. आता सांगा जाऊन. हाकलून देतील, दुसरं काय!"

सांगितलं तर हा जाणार होता. आजच, संध्याकाळच्या गाडीनं. महानंदानं पदर खोचला.

"उखडा समदं. तिसरा हात मी देते."

शनिवारभर ती एकेक खिळा त्याच्या बोटांत देत राहिली. बोटाला बोट लागे, दोघंही दुसरीकडं बघत. आता तोंड रिकामं होतं, "हं"ची सवलत संपली होती.

"बोला की काईतरी."

"मागची गादी... नीट बसंना."

"का?"

"तिथं सोमवारी नांदेडचा बसणार. माझा हातच चालंना बघा."

ती बराच वेळ पुढचा खिळा द्यायची विसरली.

"मला पण नकोय तो," ती म्हणाली. "तुमी... तुमी असाल तर बसावं वाटतंय."

शेवटी मागच्या गादीचा डावा कोपरा राहिला. तिथं दोघांचे हात मावेनात.

"इथं कसं करू?"

"ठोका तुमच्या पद्धतीनं. तिथं मीच बसंन."

रविवारी अप्पा बघायला आले. छताला हात लावला, दारं उघडून मिटली, तोंडभर "शाब्बास" म्हणाले. आणि नेमके त्या डाव्या कोपऱ्यात बसायला वाकले.

गप्प राहिली असती तर अप्पांना कधीच कळलं नसतं. आणि उद्या त्या कोपऱ्यात नांदेडचा बसला असता.

"अप्पा, तिथं नका बसू! तिथले खिळे उष्टे हायेत."

अप्पा वाकलेलेच राहिले. "कुणाचे?"

"यांचे. मीच ठोका म्हणलं. मला चालतेत."

बाईला कुणाचं उष्टं चालतं, हे अप्पांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी लेकीकडं बघितलं, मग शिवरुद्रकडं. त्यानं भीतीनं उरलेले खिळे तोंडात टाकले होते, गाल पुन्हा टम्म फुगला होता.

"थुंक ते, आन् बोल!"

शिवरुद्रनं खिळे ओंजळीत घेतले. आतापर्यंत तो त्यांना शेटजी म्हणत आला होता.

"मामा," तो म्हणाला, "म्हणाल तर गादी पुन्हा उखडतो. पण महानंदाला मला द्या."

अप्पा कितीतरी वेळ दाराची कडी खालीवर करत राहिले. कडी नवी होती, करकरत नव्हती.

"नांदेडला तार करतो," ते अखेर पुटपुटले. "मोटार तयार न्हाई म्हणून."

मग ते पुढच्या गादीपाशी गेले आणि बसण्याआधी थबकले.

"हितले तरी कोरडे हायेत ना?"

"हो अप्पा," महानंदा म्हणाली, "ते माझ्या हातचे हायेत."

अप्पा टेकले. आणि शिवरुद्रनं ओंजळीतले खिळे पुन्हा तोंडात टाकले.