शंभराच्या आत

"पळू नका!"

जीपमधून उडी मारून ती थेट तळ्याकडे सुटली होती. मागून आलेल्या त्या आवाजाने ती थबकली, आणि थबकल्यावर तिच्या लक्षात आलं... अवघ्या दहा पावलांत आपल्याला दम लागलाय!

गळ्यात शिट्टी अडकवलेला एक उंच, सावळा तरुण सावकाश चालत तिच्यापाशी आला.

"इथं हवा विरळ आहे. पहिल्या दिवशी रमतगमत चालायचं."

"मी पोहायला शिकवते हो. मला दम लागत नाही."

"मग आत्ता लागलंय त्याला काय म्हणतात?"

तो हसला नाही, पण त्याचे डोळे मात्र नक्की हसले. तेवढ्यानेच तिला उगीच लाजल्यासारखं झालं.

तळ्याकाठचं ते लॉज लहानसं होतं. जाड मातीच्या भिंतींच्या सात खोल्या, उन्हावर मिळणारी वीज, उन्हावरच तापलेलं माणशी बादलीभर पाणी, आणि तळ्यात साबणाचा थेंबही जाता कामा नये असा मालकीणबाईंचा दंडक. त्यांना सगळे काकू म्हणत आणि वचकूनही असत. त्या उंच तरुणाला पाहुण्यांनी नाव ठेवलं होतं, हेडमास्तर! वाटा दाखवायच्या, होडी वल्हवायची आणि कुणाला उंचीचा त्रास होतोय का ते बघायचं, ही त्याची कामं. सकाळ-संध्याकाळ तो प्रत्येकाच्या बोटाला एक छोटा चिमटा लावायचा, की त्यावर हृदयाचे ठोके दिसायचे.

तिला एकच गोष्ट हवी होती. ते तळं पोहून पार करायचं. वर्षभर शहरातल्या तरणतलावात, क्लोरीनच्या वासात, दुसऱ्यांच्या पोरांना "पाय मार, पाय मार" म्हणून ओरडत तिने या चार दिवसांची रजा साठवली होती. हेडमास्तरांचा नियम सरळ होता. तीन दिवसांत ठोके शंभराच्या आत आले, तर चौथ्या सकाळी पाण्यात उतरायचं. नाहीतर काठावर बसून फोटो काढायचे.

"त्यात काय!" ती म्हणाली. "माझं हृदय म्हणजे निवांत कारभार आहे."

पहिल्या संध्याकाळी त्याने तिचा हात आपल्या तळव्यावर घेतला आणि चिमटा लावला. चौऱ्याऐंशी... सत्त्याण्णव... एकशे नऊ... एकशे अठरा!

"निवांत कारभार," तो म्हणाला.

"प्रवासाचा शीण असेल," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या सकाळी ती तयारीनिशी बसली. डोळे मिटलेले, श्वास संथ. पण तो म्हणाला, "बोटं फार गार आहेत, आकडा चुकेल," आणि त्याने तिचा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळायला सुरुवात केली. मग काय विचारता! एकशे एकवीस.

आता मात्र तिला कळून चुकलं. उंचीचा यात काडीचाही संबंध नव्हता. तो दारातून आत आला की तिचं काळीज धडधडायला लागायचं, बस्स. दुपारी पाहुण्यांना घेऊन तो काठाकाठाने हिंडायला निघाला आणि ती मुद्दाम मागे रेंगाळली, कारण रेंगाळणाऱ्यांच्या सोबतीला तोही मागे राहायचा.

"तुम्ही वर्गातही असेच शेवटच्या बाकावर बसायचात का?" त्याने विचारलं.

"हेडमास्तर चांगले असते तर पुढे बसले असते."

यावर तो खळखळून हसला, आणि ती कामातून गेली. कबूलच करायला हवं... ती त्याच्या प्रेमात पडली होती, दीड दिवसात, त्या शिट्टीसकट!

तिसऱ्या संध्याकाळी आकडा एकशे तेवीसवर गेला. त्याने चिमटा काढला आणि गंभीर आवाजात सांगितलं, "उद्या पोहणं नाही. सकाळच्या जीपने खाली जायचं. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही."

तळंही गेलं आणि हाही! खरं सांगावं, तर लाज जाणार. न सांगावं, तर सगळंच जाणार. चिमटा उचलून ती तडक स्वयंपाकघरात गेली.

"काकू, तुम्ही मोजा ना. एकदाच."

काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि चिमटा लावला. शहात्तर! काकूंनी आकड्याकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अरे, जरा इकडे ये रे!"

तो दारात आला. शहात्तर... ब्याण्णव... एकशे दहा...

"अगं बाई!" काकू म्हणाल्या आणि काही काम नसताना लगबगीने बाहेर गेल्या.

"यंत्र बिघडलंय का?" त्याने विचारलं.

"यंत्र ठणठणीत आहे. मीही ठणठणीत आहे. तुम्ही आलात की... असं होतं. झालं समाधान?"

त्याचे कान लाल झाले.

"मग... उद्या पोहायला परवानगी आहे," एवढंच बोलून तो चक्क निघून गेला. तिला रडू यावं की राग, तेच कळेना.

सकाळी ती पोहण्याचा जाड रबरी पोशाख घालून तळ्याच्या चिंचोळ्या टोकाशी आली. तो होडीजवळ उभा होता. काकू त्याचं बोट धरून ओरडत होत्या.

"एकशे चोवीस! पोहणाऱ्याला नियम, तसा होडीवाल्यालाही. आणि तीन दिवस याचे ठोके मोजले की हा मला सांगतोय, लाकडं फोडून आलोय म्हणून! इतकी लाकडं फोडली असती, तर दोन हिवाळे निघाले असते."

ती त्याच्याकडे वळली. "मग काल पळालात कशाला?"

"परवानगी देणारा मीच होतो ना," तो खाली बघत म्हणाला. "काल बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं... परवानगीच्या बदल्यात काही मागतोय. म्हटलं, आधी तुमचं तळं तुम्हाला मिळू दे. पण मला तुम्ही आवडता. जीपमधून उडी मारलीत, तेव्हापासून."

"आता उतरतेस, की ऊन डोक्यावर येऊ देतेस?" काकूंनी स्वतःच वल्ही हातात घेतली. "हा येईल काठाने चालत."

तिने अंग झोकून दिलं. गारठ्याने श्वास अडकला, मग सुटला, मग हात चालू लागले. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं. श्वासासाठी मान वळवली की काठावर तो दिसायचा, तिच्या बरोबरीने भराभर चालणारा, दगडांवर ठेचकाळणारा, एकदाही खाली न बघणारा. पाण्यातच तिला हसू फुटलं आणि नाकातोंडात पाणी गेलं.

पलीकडे ती पोहोचली, तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा होता. बुटांसकट.

"बूट भिजले की तुझे," ती दात वाजवत म्हणाली.

"भिजू दे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच, काहीही न मोजता, त्याने तिचा हात हातात घेतला.