गव्हाणीवर ठेवलेला फोन

त्या दिवशीचा पंकजाचा त्रेसष्टावा फोन घोडेगावला लागला.

"नमस्कार सर, मी रिया बोलतेय. दूध काढायच्या मशीनचा डेमो—"

"थांबा, थांबा! तांबी सुटली!"

धप्प! फोन कशावर तरी आपटला. मग धावपळ, घुंगरांचा आवाज, कुणीतरी गाईची काढलेली समजूत... पंकजाला हसू आवरेना. ती मिरजगावची, गाय सुटली की सगळं घर कसं पळतं, हे तिला काय सांगायचं! पण सावेडीतल्या या ऑफिसात तिने 'रिया' व्हायचं, शहरी बोलायचं आणि आपण होऊन फोन ठेवायचा नाही, असा नियम. दिवसाचं तीन तास बोलणं भरलं नाही, की स्क्रीनवरचा ठिपका लाल. जेवणाची सुट्टी होती म्हणे, कागदावर. आणि तीन महिन्यांत बारा डेमो ठरवले, तरच नोकरी पक्की.

तिने हळूच डबा उघडला. कितीतरी दिवसांनी ती निवांत जेवली.

"हायेत का अजून?" अठरा मिनिटांनी धापा टाकत आवाज आला.

"आहे सर. आम्हाला फोन ठेवता येत नाही."

"आरं तिच्या! मग जेवता कवा?"

"आत्ताच... तुमच्या तांबीच्या कृपेने."

तो असा खळखळून हसला, की पंकजाचे कान तापले. त्याचं नाव अमृत. गोठ्यात चार गाई, आणि आवाजात सगळा मोकळेपणा!

दुसऱ्या दिवसापासून बरोबर दीड वाजता 'फॉलो-अप' म्हणून ती त्यालाच फोन लावू लागली.

"फोन गव्हाणीवर ठेवतो. मशीनवर कडब्याची कुट्टी हुईस्तोवर तुमी जेवा. आज काय भाजी?"

"असं विचारायचं नसतं सर."

"मशीन इकता, आन् भाजी सांगाया लाजता व्हय?"

"...शेपू."

"मग फोन जरा लांबच ठेवतो!"

दीड वाजायची ती सकाळपासून वाट बघायची. लाजही वाटायची... पण बघायची.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा तिचे डेमो अकरा झाले होते.

"माझा लावा की बारावा," अमृत म्हणाला.

तिचं बोट बटणापर्यंत गेलं. पण डेमोला जाणारा माणूस मशीन गळ्यात मारल्याशिवाय उठत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"नको. चार गाईंना एवढं महागाचं मशीन कशाला? तुम्ही घेऊ नका. माझ्या नोकरीचं मी बघते."

पलीकडे कुट्टीचं यंत्र सुरू झालं.

"बरं... तुमी जेवा."

डबा अर्धाच राहिला. हेडसेट टेबलावर ठेवून ती डबा धुवायला गेली, डोळेही धुवून आली. परतली तर फोन बंद झाला होता. रागावला असेल, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीम लीडर मोनिका मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, माहितीये ना?"

मॅडमनी बटण दाबलं. "तुम्ही घेऊ नका..." तिचाच आवाज. मग दूर जाणारी पावलं, कुट्टीची घरघर... आणि ती थांबल्यावर अमृतचा दबका आवाज.

"ऐकलंस का तांबे? सोताची नोकरी घालवाया निघाली, पन आपल्याला फसवलं न्हाई तिनं. लई जीव जडलाय गं. इचारू का तिला, भेटता का म्हणून? का हसंल ती?"

तांबी हंबरली. पंकजा लालेलाल!

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "बारावा डेमो नाही, म्हणजे नोकरी पक्की नाही. एक महिना वाढवून देते, त्यापुढे माझ्या हातात नाही. आणि हो, ग्राहकाच्या प्रश्नाला चोवीस तासांच्या आत उत्तर द्यायचं असतं. एक वाजून पंचवीस मिनिटं झालीत. स्वतःच्या मोबाईलवरून लाव."

पंकजा धावतच जिन्यात आली. नंबर कधीचाच पाठ होता.

"कोन?"

"मी रिया न्हाई..." तिचा श्वास फुलला होता. "मी पंकजा, मिरजगावची. काय म्हनली मग तांबी? इचारायचं का न्हाई?"

कुट्टीची घरघर एकदम थांबली.

"तुमी... ऐकलं?"

"ऐकलं. न्हाई हसले. रविवारी भेटू."

धप्प! पलीकडे फोन पुन्हा कशावर तरी आपटला.

"हायेत का अजून?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"हाय," पंकजा म्हणाली. "आन् आज फोन तुमीच ठेवा. नियम न्हाई आता कसला... तरी मला न्हाई ठेवता यायचा."